दोन गळे, एक शेळी

सोलापुरात पॉप गाण्याची जी पहिली रेकॉर्ड निघाली, तिच्यावर तीन आवाज आहेत. एक गुरप्पाचा, एक त्याच्या बायकोचा, दाक्षायणीचा, आणि एक त्यांच्या शेळीचा. कव्हरवर नावं दोनच छापली. शेळीवर तेवढा अन्याय झाला. बाकी या गोष्टीत कुणावर अन्याय झालेला नाही, आणि खोटं असायचंही काही कारण नाही, कारण त्या रेकॉर्डमध्ये अकॉर्डियन मी वाजवलंय. वाजवलंय म्हणजे धरलंय. वाजवायला लागलो की कंपनीचे साहेब हात जोडायचे.

साल चौऱ्याहत्तर. पोरांच्या पँटी खाली इतक्या रुंद झाल्या होत्या की एका पँटीत दोन भाऊ एका तिकिटावर सिनेमा बघून यायचे. माझं लाऊडस्पीकरचं दुकान होतं, 'अण्णाराव साऊंड सर्व्हिस'. लग्न असो, निवडणूक असो, तेरावं असो, कर्णा माझा. एकदा घाईत तेराव्याला लग्नाच्या रेकॉर्डी गेल्या, तर मयताच्या पोरानं येऊन सांगितलं, असू द्या, बाबांना आवडायच्या. दुकानाच्या मागच्या खोलीत 'अण्णाराव अँड पार्टी' हा आमचा ऑर्केस्ट्रा. बाकीचे सगळे वाजवणारे, गाणारे दोनच: गुरप्पा आणि दाक्षायणी.

गुरप्पा पूर्वभागातल्या एका चादरीच्या कारखान्यात माग चालवायचा. दिवसभर मागांच्या खडखडाटात बोलून त्याला हळू बोलायची सवयच राहिली नव्हती. घरात त्यानं 'पाणी दे' म्हटलं की शेजारच्या तीन घरांतून तांबे बाहेर यायचे. दाक्षायणी अक्कलकोटकडची. तिनं हळदीचं गाणं म्हटलं की नवरी रडायची थांबायची आणि नवरदेव रडायला लागायचा. दोघं मिळून गायला लागले, की ऐकणाऱ्याच्या हातातली भजी गार व्हायची. आमच्याकडे गाणं मोजायचं माप तेच.

आणि मग तो गणपती आला.

मंडपात गल्लीच्या गल्ली लोटलेली, दोघांचं गाणं रंगात आलेलं, आणि मधेच गुरप्पा थांबला. थांबला ते थांबला, वर माइकवर म्हणाला, "दाक्षे, सूर सोडलास!"

माइक माझा. कर्णे चार, चार दिशांना तोंडं केलेले. वाक्य होटगी रोडपर्यंत गेलं. मंडपातला एक आगाऊ ओरडला, "सोडला तर बगा की, हितंच कुटंतरी पडला असंल!" आणि चार-सहा जण खरंच सतरंजीखाली वाकून शोधायला लागले.

दाक्षायणीनं माइक खाली ठेवला, पदर खोचला आणि घरी गेली. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी बोलली नाही.

आता अबोला आमच्याकडे घरोघर असतो, पण संसार म्हटला की निरोप द्यावेच लागतात. कुणी भिंतीला सांगतं, कुणी पोराला. यांच्या दारात रंभी नावाची शेळी होती. दाक्षायणी चुलीपाशी बसून म्हणायची, "रंभे, सांग, पाणी तापलंय." आणि निरोप पोचवायची मजुरी म्हणून कडक भाकरीचा एक तुकडा रंभीपुढे टाकायची. गुरप्पा तिकडून म्हणायचा, "रंभे, सांग, साबण सापडंना." त्याचाही एक तुकडा. होता होता रंभीला इतकी सवय झाली, की 'सांग' हा शब्द कानावर पडला की ती मान वर करून "म्यँऽऽ" करायची आणि तुकड्याची वाट बघायची. तिच्या अंगावर असं काही मांस चढलं की बाहेरगावचे लोक तिला कालवड समजून नमस्कार करायचे.

हा अबोला वर्षानुवर्षं चालला. त्या काळात त्यांना दोन मुलं झाली. ती कशी, ते रंभीला विचारा.

दाक्षायणीचं म्हणणं एकच होतं. ज्या माइकवर माझी लाज काढली त्याच माइकवर, चार लोकांसमोर, 'चूक माझी' म्हणा. गुरप्पाचंही म्हणणं एकच. सूर सोडला तो सोडला, मी खोटं कसं बोलू? दोघंही ऑर्केस्ट्रात गायची, पण एक स्टेजवर चढला की दुसरा उतरायचा.

एकदा दुकानात वायरी गुंडाळत बसला असताना गुरप्पा म्हणाला, "अण्णा, तुला म्हणून सांगतो. शेळीचं त्वांड बघून बघून जीव इटला. मला एकदा 'अहो' ऐकायचंय."

"मग म्हण की, चूक झाली."

"झालीच न्हाय तर कशी म्हणू?" एवढं बोलून तो परत वायरीला लागला. वायर त्यानं स्वतःच्याच पायाभोवती गुंडाळली होती, ते त्याला उठल्यावर कळलं.

अशात हरिदास आला. हरिदास नावाच्या माणसानं कीर्तन करावं, हा बेलबॉटम घालून आला. मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचा साहेब. कंपनीचं नाव सांगत नाही. ती नंतर बुडाली, उगाच माझ्यावर यायचं. कुणाच्या तरी लग्नाला सोलापुरात आला होता, माझ्या कर्ण्यातून आधी गुरप्पाचं गाणं ऐकलं, मग दाक्षायणीचं, आणि पंगतीतून हात न धुता माझ्याकडे धावला.

"अण्णाराव, हे दोन आवाज मला एका गाण्यात पाहिजेत. पॉप ड्युएट! एक तबकडी, एक गाणं, अख्खा महाराष्ट्र नाचवतो."

मी दोघांना दुकानात बोलावलं. गुरप्पा आत स्टुलावर बसला. दाक्षायणी उंबऱ्यावर, हातात रंभीची दोरी.

"पॉप म्हंजे काय वो?" गुरप्पानं विचारलं.

"पॉप म्हणजे," हरिदास म्हणाला, "जे ऐकून पोरं नाचतात आणि त्यांचे बाप रेडिओ बंद करतात."

"मग आमच्या भजनाला निम्मं तसंच हाय की. पोरं पळत्यात आन बाप झोपत्यात."

दाक्षायणी हरिदासला म्हणाली, "सायेब, मी गाते. पर ह्यांच्यासंगट न्हाय."

हरिदासनं माझ्याकडे बघितलं. मी त्याला गणपतीपासून भाकरीपर्यंत सगळं सांगितलं. तो एवढा हसला की पँटीचे पाय फडफडले. मग डोळे पुसून म्हणाला, "वहिनी, मग तर गाच. गणपतीतलं गाणं हवेत गेलं, त्याचा पुरावा नाही. टेप कुणाची भीड ठेवत नाही. सूर कोण सोडतं ते तबकडीवर कायमचं कोरलं जाईल. रोज लावा आणि रोज भांडा."

हे दोघांनाही एकदम पटलं. दोघांनाही आपण जिंकणार याची खात्री होती.

"रंभे, सांग तिला," गुरप्पा म्हणाला. "रेकॉर्डवर तिनं सूर सोडला असंल, तर आदी तिनं बोलायचं. गड्ड्याच्या जत्रंत, माइकवर, समद्यांम्होरं."

"म्यँऽऽ."

"रंभे, सांग त्यास्नी," दाक्षायणी म्हणाली. "त्यांनी सोडला असंल, तर त्यांनी 'चूक माजी' म्हणायचं. तितंच, समद्यांम्होरं."

"म्यँऽऽ."

भाकरीचे दोन तुकडे पडले. करार झाला.

मुंबईला जायला दाक्षायणी तयार नव्हती, म्हणून मुंबईच सोलापूरला आली. हरिदासनं दोन मोठी टेपची यंत्रं, एक गिटारवाला आणि एक ड्रमवाला आणला. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून जागा कसली, तर गुरप्पाच्या मालकाचं चादरीचं गोदाम. चारी भिंतींना छतापर्यंत चादरींच्या थप्प्या, दाराला चादरी, खिडकीला चादरी. आवाज असा मेला की बोललेलं स्वतःलाच ऐकू येईना. फक्त एक घोटाळा झाला. एवढ्या चादरी बघून ड्रमवाल्याला झोप आली. त्याला उठवायला गेलेला गिटारवाला त्याच्याशेजारी आडवा झाला. हरिदास ओरडायला गेला आणि त्यालाच जांभई आली. पहिला अख्खा दिवस मुंबई सोलापुरात झोपली. उठवलं ते गिरणीच्या भोंग्यानं. तो भोंगा चादरीबिदरीला जुमानत नाही.

दुसऱ्या दिवशी हरिदासनं गाण्याचा कागद दाक्षायणीच्या हातात दिला. कुणा मुंबईच्या कवीचं गाणं. तिनं वाचलं. "'राजा, जवळ ये, शबाडा शबाडा.' ह्ये कुणाला म्हणायचं?"

"गुरप्पांना."

"मी त्यास्नी 'ताट घ्या' म्हणत न्हाय, आन 'जवळ या' म्हणू?"

"वहिनी, हे गाणं आहे."

"आसूं द्या की. त्वांड माजंच हाय न्हवं?"

गुरप्पा चादरीच्या थप्पीकडे तोंड करून उभा होता. म्हणाला, "आन मीबी 'सजणी' म्हणणार न्हाय. आमच्यात बोलणं न्हाय."

हरिदासनं विनवण्या केल्या. टेप फिरत राहिली आणि तिच्यावर नुसतं गोदाम रेकॉर्ड होत राहिलं. दुपार झाली तेव्हा दाक्षायणीनं हरिदासची दया येऊन म्हटलं, "रंभीला आणा."

"शेळी? स्टुडिओत?"

"स्टुडिओ कुटं हाय? गोदाम हाय की."

रंभी आली. तिनं आधी माइकची स्पंजची टोपी खाल्ली, मग मधोमध उभी राहिली. एका अंगाला गुरप्पा, एका अंगाला दाक्षायणी, दोघांची तोंडं शेळीकडे. आणि दाक्षायणीनं कागद बाजूला ठेवून, गाण्याच्या त्याच चालीवर, रोजच्यासारखा निरोप सुरू केला:

"सांग गं त्यांना, चांदणं सांडलं दारात—"

"म्यँऽऽ," रंभी म्हणाली, अगदी समेवर.

गुरप्पाची मान वळली नाही, पण आवाज वळला:

"सांग गं तिला, मी कवाचा उभा वाऱ्यात—"

"म्यँऽऽ."

"सांग गं त्यांना, दाराला न्हाई कडी—"

"म्यँऽऽ."

"सांग गं तिला, लाज वाटतीया थोडी—"

गिटारवाला खडबडून जागा झाला. ड्रमवाल्यानं डोळे न उघडताच ठेका धरला. मी अकॉर्डियन धरून उभा होतो. 'शबाडा शबाडा' वाया जाऊ नये म्हणून ते मला म्हणायला लावलं, पण माइकपासून इतकं लांब की ते तबकडीवर आलंच नाही. गाणं संपलं तेव्हा हरिदास जमिनीवर बसला होता आणि रंभीच्या पाया पडत होता. पाया म्हणजे चारही. बाहेर भोंगा झाला, पण तो गाणं संपल्यावर. गिरणीलाही कळतं कधी गप्प बसावं.

संक्रांत तोंडावर आली तशी मुंबईहून खोकं आलं. आत काळ्याभोर छोट्या तबकड्या. रीतसर प्रकाशन सिद्धेश्वराच्या जत्रेत, गड्ड्यावर करायचं ठरलं होतं, पण निकाल तर आधी लागायला पाहिजे. दुकानात गुरप्पा, दाक्षायणी, रंभी, आणि दाराबाहेर सगळी गल्ली. मी पिन टेकवली.

चांदणं सांडलं. गुरप्पा वाऱ्यात उभा राहिला. आणि मग दाक्षायणीचं 'दाराला' आलं. त्या 'दाराला'वर तिचा आवाज खाली बसला होता. फार नाही. भाकरी तव्यावरून उतरवताना जरा वाकते ना, तेवढाच. पुढं 'कडी'पर्यंत परत ताठ. पण बसला होता, आणि आता सगळी गल्ली कान देऊन होती.

गुरप्पानं मांडीवर थाप मारली. "सोडला! बगा, सोडला की न्हाय! रंभे, सांग तिला!"

आम्ही सगळे दाक्षायणीकडे बघायला लागलो. आता ही विळी घेऊन उठते की काय. तबकडी फिरायची थांबेपर्यंत ती तिच्याकडे बघत राहिली आणि मग रंभीची दोरी उचलून म्हणाली, "सांग त्यास्नी. जत्रंत बोलते."

झालं. भांडली नाही, की रडली नाही. गुरप्पाचा जिंकल्याचा आनंद तिथंच थोडा खाली बसला. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

आता गाण्याचं ऐका. प्रकाशनाआधीच ते सोलापूरभर झालं, कारण माझे कर्णे मी कधी बंद ठेवत नाही. हॉटेलात 'दोन चहा' म्हणायच्या ऐवजी लोक 'सांग गं त्याला, दोन चहा' म्हणायला लागले. वेळापूरला एका लग्नात रेकॉर्ड लावली, तर गावातल्या सगळ्या शेळ्या मंडपात येऊन भाकरी मागत बसल्या. वऱ्हाड उपाशी परतलं. करकंबच्या बाजारात शेळी घेताना लोक आधी दात बघायचे, ते सूर बघायला लागले. ज्यांच्या घरात अबोला नव्हता ते मुद्दाम भांडण उकरून काढायला लागले, गाणं म्हणता यावं म्हणून. आणि आमच्या गल्लीतली येसूबाई, जी सासूशी कधी सरळ तोंडानं बोलली नव्हती, ती मला म्हणाली, "अण्णा, आमी ह्ये कवापासून करतोय, आमची काडली का कुणी रेकॉर्ड?"

गुरप्पा गावभर कॉलर ताठ करून फिरायचा. जिथं रेकॉर्ड लागेल तिथं थांबायचा, आणि 'दाराला' जवळ आलं की हात वर करून आजूबाजूच्यांना सांगायचा, "आता बगा, आता सोडती. हां! सोडला!" लोकही मान डोलवायचे. नवऱ्याला बायकोची चूक दाखवायची एवढी पक्की सोय आजवर कुणाला मिळाली नव्हती.

जत्रेच्या आदल्या दिवशी तो ज्ञानबा न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता. ज्ञानबानं गिऱ्हाइकं वाढावीत म्हणून ग्रामोफोन आणून ठेवला होता. अर्धी मिशी उतरली होती, अर्धी साबणात होती, आणि गाणं लागलं. गुरप्पाला हात वर करायचा होता. पण गळ्याशी वस्तरा, त्यामुळे हलता येईना, बोलता येईना. नुसतं ऐकावं लागलं. जन्मात पहिल्यांदा त्या माणसानं गाणं नुसतं ऐकलं.

तो तसाच उठला. गळ्यात पांढरं फडकं, तोंडावर निम्मा साबण, माझ्या दुकानात.

"अण्णा, लाव."

मी लावली.

"पुना लाव. 'वाऱ्यात'पासनं."

मी पिन उचलून मागं टेकवली. 'मी कवाचा उभा वाऱ्यात.' 'वाऱ्यात'ला चाल वर जाते. आणि गुरप्पाचा आवाज वर जाता जाता पायरी चुकल्यासारखा खाली आला होता. फार नाही. भाकरीएवढाच.

"पुना."

ती जागा मी इतक्यांदा वाजवली की त्या रेकॉर्डवर तेवढीच रेघ आज पांढरी झालीय. गुरप्पाचा चेहराही तसाच होत चालला होता.

"पडलो मी हितं," तो म्हणाला. इतक्या हळू आवाजात तो बोलू शकतो हे मला माहीतच नव्हतं. "मी खाली पडलो. आन ती 'दाराला'ला खाली आली ती मला घ्यायला. माज्या सुरावर येऊन उबी ऱ्हायली, आन मग मला घिऊन वर चडली. ऐक, 'कडी'ला ती वर, आन तितनं फुडं मीबी वर. लोकांस्नी वाटावं, चालच तशी हाय."

"मग गणपतीत?"

"तवाबी हेच गाडवपण असंल. मागाच्या खडखडाटात कान गेलेले. माजं पडणं मला ऐकू येत न्हवतं, तिचं वाकणं तेवडं ऐकू आलं." तो स्टुलावर बसला. साबण वाळून त्याच्या शर्टावर पडत होता. "आन तिला ठावं हाय, अण्णा. पैल्यापासनं ठावं हाय. तरीबी 'जत्रंत बोलते' म्हणाली."

"मग तुझं कामच झालं की," मी म्हटलं. "गप बस. उद्या ती माइकवर 'अहो' म्हणेल, तू 'काय' म्हण. एवढी वर्षं त्यासाठीच तर शेळी पोसलीस."

"व्हय," गुरप्पा म्हणाला. "गप बसलो तर उद्या ऐकाय मिळतंय."

तो उठून गेला. ज्ञानबाकडे नाही गेला. घरी गेला.

गड्ड्यावर प्रकाशनाला जागा मिळाली ती मौत का कुआँच्या शेजारी. लाकडी फळ्यांची मोठी विहीर, आत माळशिरसचा बिरप्पा मोटरसायकल भिंतीवर आडवी चालवायचा, लोक वर कठड्यावरून बघायचे. कर्णे मी त्या विहिरीच्याच खांबांना बांधले होते. रहाटपाळणे, बत्तासे, धूळ, आणि माणूस असा मावेना की एकमेकांच्या खिशात हात घालूनच उभं राहावं लागत होतं. काहींनी तेवढ्यासाठीच घातले.

हरिदासनं आज जांभळी पँट घातली होती. त्यानं दोन वाक्यं भाषण केलं, तबकडी हवेत उंच धरली, टाळ्या झाल्या. आणि दाक्षायणी पुढं आली. नवं इरकली लुगडं, कपाळाला विभूती, मागं रंभी, रंभीच्या गळ्यात झेंडूची माळ. निकाल सगळ्या गावाला माहीत होता. ती आता नवऱ्याशी आधी बोलणार, हे ऐकायला तर गर्दी होती. कठड्यावरचे लोकसुद्धा बिरप्पाकडे पाठ करून उभे राहिले. आत तो बिचारा गरगर फिरतच होता.

तिनं माइक हातात घेतला. श्वास घेतला. तोंड उघडलं.

"थांब!"

गुरप्पा अर्ध्या मिशीनं, गळ्यात कालचं फडकं तसंच ठेवून, स्टेजवर चढत होता.

"थांब दाक्षे. तू बोलू नगंस."

गर्दीनं कान टवकारले. कारण त्यानं 'रंभे, सांग' म्हटलं नव्हतं. रंभीनंही भाकरीसाठी उचललेली मान तशीच धरून ठेवली.

"मंडळी," गुरप्पा म्हणाला. त्याला माइकची गरज नव्हती, पण त्यानं माइक धरला, कारण करार माइकचा होता. "सूर हिनं सोडला न्हाय. मी सोडला. 'वाऱ्यात'वर. ती खाली आली ती मला घ्यायला. गणपतीतबी तसंच. चूक माजी. माज्यासारखा बेसूर माणूस अन् ह्याच माइकवर..."

मागून तोच गणपतीतला आगाऊ ओरडला, "सांगू नगा, गाऊन दावा! कुटं सोडला ते कळू द्या की!"

"दावतो," गुरप्पा म्हणाला. "असा सोडाय नगं हुता, असा लावाय पायजे हुता." आणि त्यानं छाती भरून घेतली.

"सांग गं तिलाऽ, मी कवाचा उभा वाऱ्याऽऽत..."

आणि वर जाता जाता पुन्हा तिथंच खाली आला. भाकरीएवढा नाही, या वेळी तव्यासकट.

कुणी हसलं नाही. सगळे दाक्षायणीकडे बघत होते. तिनं त्याच्या हातातून माइक काढून घेतला. त्याच्या अर्ध्या मिशीकडे बघितलं, उरलेल्या अर्ध्या जागेकडे बघितलं. रंभीकडे बघितलंच नाही.

"अहो," ती म्हणाली.

चारही कर्ण्यांतून 'अहो' गेलं. सिद्धेश्वराच्या तळ्यावरून गेलं, देवळावरून गेलं, होटगी रोडपर्यंत गेलं. गावातल्या कितीतरी नवऱ्यांनी सवयीनं 'काय गं' म्हटलं. गुरप्पाचे डोळे भरून आले, नाकही भरून आलं, आणि त्यानं ते गळ्यातल्या ज्ञानबाच्या फडक्याला पुसलं.

"अहो, परत सोडलात," दाक्षायणी म्हणाली.

गुरप्पानं डोळे पुसता पुसता मान वर केली. "कुटं?"

"'वाऱ्यात'वर. आन कुटं?"

"आत्ता? आत्ता न्हाय सोडला!"

"सोडलात. समद्यांनी ऐकलंय."

"अगं, ती माजी भरून आलेली जागा हुती..."

"भरून आलं म्हणून काय सूर सोडायचा? मला काय कमी भरून आलंय? आन ती मिशी कुटं सोडलीत?"

आणि ती दोघं तिथंच, माइक मधे धरून, तोंडाला तोंड देऊन भांडायला लागली. एवढ्या वर्षांचं साठलेलं. साबण, पाणी, थोरल्याचं नाव कुणी ठेवायचं होतं, सगळं. सबंध गड्डा ऐकत होता. पाळणे थांबले. बत्तासेवाल्याचा पाक करपला. विहिरीच्या आतून बिरप्पा ओरडत होता, "अरं कुणीतरी माज्याकडं बगा की! पेट्रोल सपत आलंय!"

फक्त रंभीचं कुणाला भान नव्हतं. तिनं एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. 'सांग' कुणीच म्हणेना, तुकडा कुणीच टाकेना. तिनं थोडा वेळ वाट बघितली, आणि मग खाली वाकून माझ्या माइकची वायर चावून तोडली.

त्यामुळे पुढं ते एकमेकांना काय बोलले, ते सोलापूरला कळलं नाही.